मेणबत्ती कुठे लपली आहे? जॉर्ज द ला तूरची चित्रं कशी बघावीत

फ्रान्समधल्या रेन शहराच्या कलासंग्रहालयात एक लहानसं चित्र आहे. उंची 76 सेंटीमीटर, रुंदी 91. लाल कपड्यातली बाळंतीण मांडीवर बाळ घेऊन बसली आहे. बाळ इतकं घट्ट गुंडाळलेलं की फक्त चेहरा बाहेर. इवलंसं नाक चमकतंय, तोंड किंचित उघडं आहे, श्वास ऐकू येईल असं वाटतं. डावीकडे दुसरी बाई मेणबत्ती घेऊन बसली आहे आणि तिनं मोकळा हात ज्योतीच्या आड धरला आहे. चित्रात एवढंच. देवदूत नाही, डोक्यामागे प्रभावळ नाही, गोठा नाही, गाय-गाढव नाही. चित्राला ‘नवजात बाळ’ म्हणतात. हे बाळ येशू आहे, की लोरेनमधल्या कुठल्याशा घरात काल रात्री जन्मलेलं चारचौघांसारखं बाळ?

चित्रकार जॉर्ज द ला तूर. त्याच्या चित्रांशी ओळख करून घेताना बहुतेक पुस्तकं आधी दोन कप्पे पाडतात. एकीकडे रोजच्या जगण्यातली चित्रं, म्हणजे पत्ते खेळणारे, मटार खाणारे, भांडणारे भिकारी वादक. दुसरीकडे धार्मिक चित्रं, म्हणजे संत, बायबलमधले प्रसंग. यादी करायला हे सोयीचं आहे, पण बघायला निरुपयोगी. ला तूरनं संतांच्या अंगावरची संतपणाची सगळी खूण उतरवून ठेवली आणि ते काम उजेडावर सोपवलं. त्यामुळे त्याचं कुठलंही चित्र समोर आलं की ‘हा कोण?’ हे नंतर विचारावं. आधी विचारावं, दिवा कुठे आहे आणि तो कोणी झाकला आहे?

माणूस थोडक्यात

लोरेन हा आज फ्रान्सचा भाग आहे, पण तेव्हा ते फ्रान्स आणि जर्मन मुलखाच्या मधलं वेगळं ड्यूकचं राज्य होतं. त्याच भागातल्या विक-स्यूर-सेय गावात 14 मार्च 1593 रोजी ला तूरचा बाप्तिस्मा झाला. बापाची पावाची भट्टी. 1617 मध्ये ला तूरनं दियान ल नेर्फ या वरच्या घरातल्या मुलीशी लग्न केलं आणि 1620 मध्ये तिच्या गावी, लुनेव्हिलला, बिऱ्हाड हलवलं. जाताना ड्यूककडून करमाफीही मिळवली.

पुढची वर्षं वाईट गेली. युरोपभर पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध, 1633 मध्ये फ्रेंच फौजा, मागोमाग प्लेग, आणि 1638 मध्ये लुनेव्हिल जळालं. ला तूर मात्र टिकला, नुसता टिकला नाही तर वर चढला. 1639 मध्ये त्याच्या नावापुढे फ्रान्सच्या राजाचा चित्रकार ही पदवी लागलेली दिसते. 1646 मध्ये गावकऱ्यांनी त्याच्याविरुद्ध तक्रारअर्ज केला. हा माणूस गावचा सरदार असल्यासारखी शिकारी कुत्री बाळगतो आणि उभ्या पिकातून सशांमागे सोडतो. गरिबांचे सुरकुतलेले चेहरे इतक्या मायेनं रंगवणारा माणूस गरिबांशी असा वागायचा, हे वाचून अनेकांचा हिरमोड होतो. व्हायचं कारण नाही. चित्रातली माया ही नजरेची असते, ती वागण्यात असेलच असं नाही.

1652 च्या जानेवारीत साथीत आधी बायको गेली, 30 तारखेला तो गेला, आणि मग अडीचशेहून जास्त वर्षं त्याचं नाव पुसलं गेलं. चित्रं होती, पण दुसऱ्यांच्या नावानं टांगलेली. फ्रान्समधल्याच नांत शहराच्या संग्रहालयातला त्याचा आंधळा वादक कधी मुरिलोचा, कधी दुसऱ्या कुणा स्पॅनिश चित्रकाराचा मानला गेला. 1915 मध्ये हेर्मान फोस या जर्मन अभ्यासकानं नांतमधल्या सह्या असलेल्या दोन चित्रांची आणि रेनच्या बाळाची सांगड घातली आणि जुन्या कागदपत्रांतल्या नावाला चित्रं मिळाली. आज नक्की त्याच्या हातची म्हणावीत अशी चित्रं चाळीसच्या आसपास आहेत. त्यातल्या दोनांवरच तारीख स्पष्ट वाचता येते, 1645 आणि 1650. बाकीच्यांच्या पुढे छापलेली सालं अंदाजाची आहेत. ती वाचताना ‘सुमारे’ हा शब्द मनात धरावा.

ज्योत झाकण्यामागचं गणित

मेणबत्तीचा उजेड अंतराच्या वर्गानं घटतो. ज्योतीपासून 20 सेंटीमीटरवर असलेल्या गालावर जेवढा उजेड पडतो, त्याचा चौथा हिस्सा 40 सेंटीमीटरवरच्या खांद्यावर पोहोचतो आणि 60 सेंटीमीटरवरच्या कोपरावर नववा. मागची भिंत दोन मीटरवर असेल तर तिच्या वाट्याला शंभरावा हिस्सा येतो. ला तूरच्या रात्रीच्या चित्रांत पार्श्वभूमी काळी-तपकिरी असते ती नाट्यासाठी नव्हे. हिशेबानं ती तशीच पडते. उलट, एका मेणबत्तीत अख्खी खोली उजळलेली दाखवणारं चित्र दिसलं तर तिथे चित्रकारानं हात सैल सोडला आहे असं समजावं.

दुसरी अडचण रंगाची. रंग स्वतः उजेड देत नाही. चित्रकाराकडचा सगळ्यात उजळ रंग म्हणजे शिशाचा सफेदा, आणि तोही खऱ्या ज्योतीपुढे मळकाच. ज्योत उघडी दाखवली की सफेद्याचा बराचसा जोर तिथेच खर्च होतो. मग चेहरा त्याहून काळवंडलेला ठेवावा लागतो, नाहीतर ज्योत फिकी पडते. ला तूरची युक्ती अशी की ज्योतच हाताआड, डोक्याआड, बाहीआड घालायची. आता तुलनेला ज्योत उरली नाही, म्हणून सगळा सफेदा चेहऱ्यावर वापरता येतो. रेनच्या चित्रात म्हणूनच बाळाचं कपाळ हा चित्रातला सगळ्यात उजळ भाग होतो आणि उजेड जणू बाळातूनच येतोय असं वाटतं. प्रभावळ न काढता प्रभावळीचं काम झालं.

दरवेळी तो झाकतोच असं नाही. त्याच्या मरीया मग्दालियाच्या चित्रांत हा फरक छान दिसतो. एकच विषय त्यानं अनेकदा रंगवला: पापाचा पश्चात्ताप करणारी बाई रात्री एकटीच बसली आहे, मांडीवर किंवा टेबलावर कवटी, हाताशी दिवा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या आणि लॉस एंजेलिसमधल्या चित्रांत काचेच्या पेल्यात तेल आहे, त्यात वात, आणि ज्योत उघडी. ती वर निमुळती होत धुरात मिसळते. तिथे ज्योत हाच विषय आहे, बाई तिच्याकडेच बघतेय. वॉशिंग्टनच्या चित्रात मात्र कवटीनं ज्योत झाकली आहे आणि आरशात दिसतं ते कवटीचं प्रतिबिंब. न्यूयॉर्कच्या चित्रात मेणबत्ती एक आणि आरशातली दुसरी, अशा दोन ज्योती. दागिने जमिनीवर टाकलेले. तीच बाई, तीच रात्र, पण दिव्याची जागा बदलली की चित्राचा अर्थ सरकतो.

मेणबत्तीच्या उजेडात निळा भाग फार थोडा असतो. त्यामुळे निळं कापड काळपट दिसतं, हिरवं मातकट, आणि लाल मात्र फुलून येतं. म्हणून रात्रीच्या चित्रांत तो निळ्या-हिरव्याच्या वाटेला फारसा जात नाही आणि बायकांना लाल कपडे देतो. रंगपेटी छोटी आहे: सफेदा, हिंगूळ, पिवडी, काव, काळा, तपकिरी, आणि शिसं व कथील एकत्र भाजून केलेला एक फिकट पिवळा. सतराव्या शतकातल्या तैलचित्राची रीत अशी की कॅनव्हासवर आधी रंगीत अस्तर द्यायचं, मग सावल्या पातळ ठेवायच्या आणि उजेडाच्या जागी जाड रंग चढवायचा. अस्तर गडद असेल तर सावल्यांचं निम्मं काम तेच करतं.

एकाच बाजूनं, जवळून, कमी उजेड पडला की मधल्या छटा गळतात. नाक आणि गाल यांच्यामधले बारीक चढउतार नाहीसे होतात, चेहरा अंड्यासारखा गुळगुळीत होतो, बाही नळकांड्यासारखी. ला तूरच्या उतारवयातल्या चित्रांतले हे गोल, शांत आकार पाहून लोकांना विसाव्या शतकातली चित्रं आठवतात. पण त्याचं मूळ बरंचसं या एका मेणबत्तीत आहे.

हे पटत नसेल तर रात्री वीज गेल्यावर करून बघावं, नाहीतर दिवे मालवून. एक साधी मेणबत्ती बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवावी, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. बघणाऱ्यानं दोन मीटरवर उभं राहावं. पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यावेत. ही पायरी लोक गाळतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात. आता त्या माणसानं ज्योतीपासून पाच-सहा सेंटीमीटरवर, ज्योतीच्या वर नव्हे तर बाजूला, हात आडवा धरावा. तीन गोष्टी लगेच दिसतील. ज्योत दिसेनाशी होताच चेहरा उजळल्यासारखा वाटेल, प्रत्यक्षात त्यावरचा उजेड बदललेला नसताना. हाताची आपल्याकडची बाजू काळी पडेल. आणि बोटांच्या कडांना, जिथे हाड नाही फक्त मांस आहे तिथे, लाल कड येईल. रक्तातून लाल उजेड पार होतो, बाकीचा अडतो.

मोबाइलवर फोटो काढायला गेलात तर बहुधा फसाल. कॅमेरा आपणहून चित्र उजळवतो आणि पिवळेपणा ‘दुरुस्त’ करतो. मग भिंत दिसायला लागते आणि चेहरा भाजलेल्या पिठासारखा येतो. ज्योतीवर बोट दाबून धरून उजेड कुलूपबंद करावा आणि मग खाली ओढावा, म्हणजे जमेल.

योसेफाची सुतारकी

आता एक चित्र जवळून बघू. लूव्रमधलं ‘सुतार संत योसेफ’, सुमारे 1642, उंची 137 सेंटीमीटर, रुंदी 102.

म्हातारा योसेफ वाकून काम करतोय. बाह्या वर सारलेल्या, कपाळावर सुरकुत्या आणि त्यावर उजेड सांडलेला. पायाखाली जाड लाकडी वासा दाबून धरलाय आणि दोन्ही हातांनी तो त्यात गिरमिट फिरवतोय. गिरमिटाची आडवी मूठ आणि उभा दांडा मिळून इंग्रजी टी सारखा आकार होतो. जमिनीवर मोगरी, पटाशी आणि लाकडाची एक गोल वळलेली ढलपी. समोर बसलेला येशू लहान पोरगा आहे. त्यानं मेणबत्ती धरली आहे आणि डावा हात तिच्या आड केला आहे. बोटांतून उजेड आरपार गेलाय, नखांच्या कडांना मळ दिसतो. सुताराच्या घरातलं पोर, हात मळणारच.

प्रसंग साधा. बाप काम करतोय, मुलगा दिवा धरतोय. वीज येण्याआधी कुठल्याही कारागिराच्या घरात रोज घडणारी गोष्ट. पण खाली पडलेला तो वासा आणि गिरमिटाचा आकार ख्रिस्ती माणसाच्या डोळ्यांना सांगतो की हा क्रूस आहे, आणि बापाला ते कळलंय. म्हणून त्याची नजर लाकडावर नाही, ती मुलाकडे गेली आहे, आणि मुलगा काहीतरी बोलतोय असं तोंड उघडं आहे. इथे उजेडाची मांडणी पाहा. योसेफाचं कपाळ उजळलं आहे, पण ठिपक्या-ठिपक्यांनी, सुरकुत्यांनी तोडलेलं. मुलाचा चेहरा मात्र अखंड उजळ, जणू कागदाचा कंदील. दोघांना उजेड देणारी मेणबत्ती एकच. फरक अंतराचा आणि कातडीचा, आणि तेवढ्यावर ला तूरनं देव आणि माणूस वेगळे केले आहेत.

असं चित्र तेव्हाच का निघालं, यालाही कारण आहे. 1563 मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेनं कॅथलिक चर्चमधली चित्रं शंका न येणारी आणि भाविकाला भिडणारी असावीत असं ठरवलं. त्याच काळात योसेफाची भक्ती वाढत गेली. आधी तो नाताळच्या चित्रात कोपऱ्यात पेंगणारा म्हातारा असायचा, आता तो कष्टाळू बाप झाला. मग्दालिया आणि येशूचा रडणारा शिष्य पेत्र पुन्हापुन्हा दिसतात तेही याचमुळे. पापाची कबुली आणि पश्चात्ताप हा कॅथलिकांचा संस्कार प्रोटेस्टंटांनी नाकारला होता, आणि लोरेन हा या दोन जगांच्या सीमेवरचा मुलूख.

दिवसाची चित्रं: पत्ते, मटार, लिंबू

रात्रीच्या चित्रांमुळे तो प्रसिद्ध असला तरी ला तूरची बरीच चित्रं दिवसाच्या उजेडातली आहेत. तिथला उजेड थंड, बाजूनं येणारा, आणि त्याचा उगम चौकटीत दिसत नाही. इथे तो काहीच झाकत नाही. दाढीचा केस न् केस, कापडावरची जर, शिवणीचे टाके, सगळं कडक दिसतं.

लूव्रमधल्या पत्त्यांच्या चित्रात चार जण आहेत. मधोमध मोत्यांची माळ घातलेली बाई, दारूचा पेला घेऊन आलेली मोलकरीण, डावीकडे पाठीमागे कमरपट्ट्यातून चौकटचा एक्का काढणारा ठग, आणि उजवीकडे समोर सोन्याची नाणी मांडून बसलेला श्रीमंत घरचा गुबगुबीत पोरगा. पोरगा आपल्या पत्त्यांत रमलाय. बाकी तिघं डोळ्यांच्या कोपऱ्यांतून एकमेकांशी बोलताहेत. याच चित्राचा दुसरा अवतार अमेरिकेत फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात आहे. तिथे एक्का किलवरचा आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघावेत. कपड्यांचे रंग, डोक्यांमधली अंतरं, ठगाचा चेहरा असे बारीक बदल सापडत जातात आणि चित्रकार एकच मांडणी कशी घोटतो ते कळतं.

हेही चित्र फक्त जुगाराचं नव्हतं. जुगार, दारू आणि बाई ही त्रयी पाहिली की तेव्हाच्या बघणाऱ्याला बायबलमधला उधळ्या पुत्र आठवायचा, जो बापाची इस्टेट उडवून शेवटी डुकरं राखायला जातो. म्हणजे रोजच्या चित्रात धर्म लपलेला आणि धार्मिक चित्रात रोजचं जगणं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधलं ‘भविष्य सांगणारी’ याच जातीचं. म्हातारी नाणं घेऊन नशीब सांगतेय आणि तोवर तिच्या साथीदारणींपैकी एक पोराच्या खिशात हात घालतेय, दुसरी साखळी कापतेय. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात भांडणाऱ्या रस्त्यावरच्या वादकांचं चित्र आहे. एकाला संशय आहे की समोरचा आंधळा असल्याचं सोंग करतोय, म्हणून तो त्याच्या डोळ्यांत लिंबू पिळतोय. बर्लिनमध्ये एक शेतकरी जोडपं उभ्याउभ्या वाडग्यातून मटार खातंय. यात गोष्ट नाही, डाव नाही, उपदेश नाही. फक्त भूक आहे. आमच्या मते सगळ्या दिवसाच्या चित्रांत हे सगळ्यात धीट आहे. पत्त्यांचं चित्र पोस्टरांवर गाजतं, कारण त्यात डोळ्यांची गंमत आहे. मटार खाणाऱ्यांपुढे मात्र माणूस गप्प होतो.

वस्तू वाचायला शिका

प्रभावळ नाही, पंख नाहीत, मग संत ओळखायचा कसा? वस्तूवरून. आणि वस्तू चुकीची वाचली की चित्रच बदलतं.

एपिनालच्या संग्रहालयात एक चित्र आहे. अंगावर जेमतेम कापड असलेला म्हातारा खाली बसलाय आणि उंच बाई मेणबत्ती घेऊन त्याच्यावर वाकली आहे. ती इतकी उंच की डोकं चौकटीला टेकतंय. बराच काळ हे तुरुंगातल्या पेत्राला सोडवायला आलेल्या देवदूताचं चित्र समजलं जाई. मग कुणीतरी जमिनीकडे नीट पाहिलं. म्हाताऱ्याच्या पायाशी फुटकं खापर आहे. बायबलमधला ईयोब अंगावरची गळवं खापरानं खरवडतो आणि त्याची बायको त्याला टोचून बोलते. देवदूत गेला, तिथे वैतागलेली बायको आली. एका खापरानं.

लूव्रमधल्या एका चित्रात टकलू, जाडजूड म्हाताऱ्याच्या हातात भाला आहे. तो येशूचा शिष्य थोमा. हा भाला त्याच्या मरणाचं हत्यार, आणि ते मरण परंपरेनुसार आपल्याकडे, चेन्नईतल्या मैलापूरला आलं. हे चित्र फ्रान्समध्ये राहावं म्हणून 1988 मध्ये लोकवर्गणी काढली गेली. चित्रकारानं भारत डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्याचा थोमा लोरेनमधल्या एखाद्या शेतकऱ्यासारखाच दिसतो.

कधी वस्तूही मदत करत नाहीत. नान्सीमध्ये रात्री एकटीच बसलेल्या बाईचं चित्र आहे. कपडे सैल सोडलेले, पोट किंचित पुढे आलेलं, शेजारी लाल खुर्चीवर मेणबत्ती. दोन अंगठ्यांच्या नखांत ती काहीतरी चिरडतेय. बहुतेकांचं म्हणणं पिसू, म्हणून चित्राचं नावही ‘पिसू मारणारी’. काहींनी तिच्यात एकटी पडलेली गरोदर स्त्री पाहिली, कुणी थेट मरीया. शांतता मात्र मग्दालियाच्या चित्राइतकीच आहे. पिसू मारण्याच्या कामाला इतकी एकाग्रता दुसऱ्या कुणी दिलेली नाही.

इथे सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर आठवल्यावाचून राहत नाहीत. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’, हातात दिवा घेतलेली आणि दुसऱ्या हातानं ज्योत झाकणारी स्त्री, अनेक मराठी घरांत छापील रूपात पोहोचलेलं आहे आणि हटकून राजा रविवर्म्याच्या नावावर खपवलं जातं. चित्रासाठी उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी. ला तूर आणि हळदणकर यांचा एकमेकांशी संबंध होता असं नव्हे. पण एकच अडचण दोन माध्यमांत कशी सुटते ते इथे दिसतं. ला तूर तैलरंगात काळोखावर उजेड चढवत येतो. हळदणकरांचं चित्र जलरंगातलं. जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा राखून ठेवलेला पांढरेपणा. काळोख हळूहळू वाढवत न्यायचा, आणि एकदा बोटांवर तो सांडला की परत घेता येत नाही. बोटांतल्या त्या लाल झळाळीपाशी दोघं उलट दिशांनी येऊन पोहोचतात. आणि ती देवी आहे की तिन्हीसांजेला दिवा लावणारी घरातली मुलगी, हा प्रश्न तिथेही कुणाला पडत नाही.

नकला आणि शंका

ला तूरच्या मांडण्यांच्या जुन्या नकला भरपूर आहेत. आयरीन नावाची बाई जखमी संत सेबास्टियनची शुश्रूषा करते त्या आडव्या चित्राच्या कितीतरी प्रती सापडतात, मूळ मात्र हरवलेलं. त्याचा मुलगा एत्येनही चित्रकार होता, म्हणजे घरातच दुसरा हात. नकलाकार रेषा बरोबर उचलतो, उजेडात चुकतो. बोटं सरसकट गुलाबी करतो, हाडाची जागा आणि मांसाची जागा वेगळी ठेवत नाही. ज्योत पिवळ्या पानासारखी चिकटवतो. सावली मेणबत्तीच्या विरुद्ध दिशेला पडण्याऐवजी जिथे छान दिसेल तिथे पाडतो. हे तीन तपास साध्या डोळ्यांनी करता येतात, अर्थात चांगल्या फोटोवर. जुन्या पिवळ्या वार्निशाखालच्या किंवा कुणी संगणकावर उजळवलेल्या फोटोवर नव्हे. संग्रहालयाच्या स्वतःच्या साइटवरचा फोटो घ्यावा.

पुढचं काम प्रयोगशाळेचं. ‘भविष्य सांगणारी’ हे चित्र मेट्रोपॉलिटननं 1960 मध्ये घेतलं आणि नंतर ते बनावट असल्याची ओरड झाली. एका बाईच्या कॉलरच्या नक्षीत चक्क फ्रेंच शिवी लिहिलेली सापडली, तेव्हा तर ओरड वाढलीच. चित्राच्या बाजूनं जे पुरावे मांडले गेले त्यात मघाशी सांगितलेला शिसं-कथिलाचा पिवळा होता. तो 650 ते 800 अंश सेल्सिअसला भाजून करतात. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर तो वापरातून आणि आठवणीतूनही गेला. 1941 मध्ये जुन्या चित्रांचं रासायनिक पृथक्करण करताना तो पुन्हा ओळखला गेला. मधल्या काळातल्या नकली चित्रात तो येण्याची शक्यता जवळजवळ नाही.

फासे टाकणारे शिपाई

तारीख असलेल्या दोन चित्रांपैकी पहिलं क्लीव्हलंडमध्ये आहे, 1645 चं. म्हातारा पेत्र हात जुळवून रडतोय, पायाशी कंदील, बाजूला कोंबडा. दुसरं 1650 चं, नांतमध्ये. गोष्ट तीच, आधीची. येशूला पकडून नेल्यावर पेत्र अंगणात शिरतो, एक मोलकरीण त्याला ओळखते, आणि ‘मी त्याला ओळखत नाही’ असं तो कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणतो. ख्रिस्ती जगातला हा मोठा क्षण. कुणीही तो चित्राच्या मधोमध ठेवला असता.

ला तूरनं मधोमध ठेवलंय टेबल आणि त्याभोवती फासे खेळणारे शिपाई. चिलखत, वाकलेली डोकी, टेबलाजवळचा दिवा एका शिपायाच्या हाताआड. पत्त्यांच्या चित्रातली जुगारी मंडळीच जणू रात्रपाळीला आली आहेत. पेत्र डाव्या टोकाला, कडेला सरकवलेला. मोलकरणीनं त्याच्यासमोर मेणबत्ती धरली आहे आणि आपला हात तिच्या आड घेतला आहे. बोटांच्या कडा लाल झाल्या आहेत. शिपायांपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नाही. फासा नुकताच पडलाय.